मसाल्याचा दिवस

काळ्या मसाल्याच्या जिनसा एकत्र भाजता येत नाहीत. धन्यांना मंद आच लागते आणि वेळही भरपूर लागतो. तीळ तडतडायचे थांबले की लगेच उतरवावे लागतात. खोबरं बराच वेळ आहे तसंच दिसतं आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात एकदम रंग धरतं. दगडफूल तर कढईत पडलं न पडलं तोच होऊन जातं. लवंग, मिरे, दालचिनी, शहाजिरे, नागकेशर, जायपत्री, मसाला वेलदोडा, तमालपत्र, हळकुंड, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मिरची तेलाच्या हातावर परतायची, ब्याडगी रंगासाठी आणि जोडीला एखादी जहाल मिरची तिखटपणासाठी. यातली एक जरी जिन्नस करपली तरी तिचा कडवटपणा सगळ्या घाण्याला लागतो. मग पुढे कांडपावर कितीही बारीक करा, वर काहीही घाला, तो जात नाही.

मी लातूरला राहते. घरीच काळा मसाला, येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ), शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी करते आणि विकते. निम्मं गिऱ्हाईक गावातलं, निम्मं पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या आपल्याकडच्या माणसांचं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल जातं, सकाळी तिकडं कुणीतरी उतरवून घेतं. नव्यानं धंदा करू पाहणाऱ्या बायका भेटतात तेव्हा मसाल्याचं प्रमाण विचारतात, भांडवल विचारतात, कागदपत्रं विचारतात. त्याची उत्तरं देता येतात. मी अन्नसुरक्षेची नोंदणी केली तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असणाऱ्यांना साधी नोंदणी पुरत होती, फी वर्षाला १०० रुपये, आणि जो १४ आकडी नंबर येतो तो पाकिटावर छापायचा. उद्यम नोंदणीला तर पैसेच लागत नाहीत. बचत गटातून कर्ज कसं उचलायचं, गंजगोलाईत धने कुठल्या हंगामात चांगले मिळतात, हेही सांगता येतं.

खरा अवघड प्रश्न फार कमी जणी विचारतात. घरात राहून, घराच्या सगळ्या हाका ऐकू येत असताना, कामात मन कसं ठेवायचं?

यावर जो सल्ला मिळतो तो सगळीकडे सारखाच असतो. कामासाठी वेगळी खोली ठेवा, दार लावून घ्या, फोन बाजूला ठेवा, वेळापत्रक पाळा. हा सल्ला खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण तो ज्यानं पाळायचा त्याच्या घरात एक जास्तीची खोली असते, आणि त्यानं दार लावून घेतल्यावर बाहेरचं दार उघडायला दुसरं कोणीतरी असतं. आमच्याकडं बाहेरचं दार उघडणारी मीच होते. गॅसची टाकी येते ती माझ्यासमोर, कुरिअरवाला सही मागतो ती माझी, शेजारीण विरजण मागायला येते ती माझ्याकडं. शाळेच्या ग्रुपवर उद्या पांढरे बूट हवेत असा निरोप येतो तो मलाच दिसतो. आणि लातूरला ज्यांचं घर आहे त्यांना एक गोष्ट निराळी सांगायला नको: गावाकडचा माणूस दवाखान्याला आला की आधी आपल्या घरी येतो. डॉक्टरांची वेळ अकराची असेल तर तो साडेआठला येतो. त्याला चहा हवा, जेवण हवं, आणि सगळ्यात जास्त हवा असतो धीर. तो देताना कढईकडं बघत राहणं मला कधी जमलं नाही, आणि जमावं असं वाटतही नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक वाक्य असतं. "तू घरीच असतेस ना?" सासरचे म्हणतात, माहेरचे म्हणतात, बँकेतला शिपाई म्हणतो, आणि कोणीही वाईट हेतूनं म्हणत नाही. एखादी बाई सकाळी डबा घेऊन कामावर गेली की तिचा दिवस संध्याकाळपर्यंत गेलेला आहे हे सगळ्यांना कळतं. माझा दिवस मात्र घरातच पसरलेला असतो, कुणीही येऊन त्यातला तुकडा उचलावा असा. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं होतं. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष हे काम करतात ते ९७ मिनिटं, असं त्यात निघालं. पण असं काम करणारे पुरुषच मुळात शंभरातले सव्वीस. बायका एक्क्याऐंशी. २९९ मिनिटं म्हणजे एक मिनिट कमी पाच तास. घरधंदा करणारी बाई या पाच तासांच्या आधी, नंतर आणि मधल्या फटींत आपला धंदा बसवते. म्हणून तिला कुणी "जरा मन लावून काम कर" म्हटलं की माझ्या पोटात तुटतं. मन तिनं लावलेलंच असतं. ते दर पाच मिनिटांनी उचलून दुसरीकडं न्यावं लागतं.

आमच्या गल्लीत एक काकू बाहेरगावच्या मुलांची मेस चालवतात. लातूरला शिकवण्यांसाठी बीड, नांदेड, परभणीकडून किती मुलं येतात हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. काकूंचं काम माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कष्टाचं आहे. पहाटे चारला उठतात. पण साडेअकराला डबे गेलेच पाहिजेत, कारण पोरं क्लासमधून भुकेली येतात. त्यांच्या घरी अकरा वाजता पाहुणा आला तर तो आपणहून कोपऱ्यात बसतो, कधी कधी भाजी निवडायला घेतो. डब्याची वेळ त्यालाही दिसते. माझ्या मसाल्याची वेळ कुणाला दिसत नाही. आज नाही भाजला तर उद्या भाजता येतो, उद्या नाही तर परवा. ज्या धंद्यात काम पुढं ढकलता येतं तो धंदा घरात टिकवणं सगळ्यात कठीण, असं माझं या काकूंकडं बघून पक्कं मत झालंय. पापड, शिवणकाम, मसाले, गोधड्या, घरून हिशोब लिहिणं, सगळी कामं अशीच.

आता तेरचं सांगते.

तेर आमच्यापासून फार लांब नाही, धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. जुन्या काळी ते तगर नावाचं मोठं व्यापाराचं गाव होतं, थेट रोमपर्यंत माल जायचा, तिथल्या संग्रहालयात त्या काळच्या वस्तू आजही बघायला मिळतात. पण आमच्याकडची माणसं तेरला जातात ती गोरोबाकाकांसाठी. शके १२३९ मध्ये, म्हणजे इसवी सन १३१७ ला, चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांनी तिथं समाधी घेतली असं मानतात. यात्रा चैत्रात भरते, ऐन मसाल्याच्या हंगामात. आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं माहेर तिकडचंच, त्यामुळं यात्रा सहसा चुकत नाही.

गोरोबांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गोरोबा अंगणात चिखल तुडवत होते. बायको, संती, पाण्याला गेली आणि जाताना रांगतं लेकरू नवऱ्याजवळ ठेवून गेली. गोरोबा विठ्ठलाच्या नामात इतके बुडालेले की लेकरू रांगत चिखलात आलं ते त्यांना कळलंच नाही. ते पायाखाली आलं. पुढं पंढरपूरच्या कीर्तनात देवानं ते परत दिलं, अशी कथा आहे. कीर्तनकार ही गोष्ट सांगतात तेव्हा तल्लीनता कशी असावी ते सांगतात, आणि मांडवातली माणसं डोळे पुसतात. मीही लहानपणापासून पुसत आले.

धंदा सुरू झाल्यावर मात्र ती गोष्ट मला वेगळी ऐकू यायला लागली. हा कुंभार घरातच काम करत होता. अंगण हीच त्याची कामाची जागा. माती, चाक, आवा, लेकरू, सगळं एकाच ठिकाणी. एका यात्रेला मांडवातून बाहेर पडल्यावर आम्ही दोघी नदीकडच्या बाजूला बसलो होतो. मी आत्याबाईंना म्हटलं, "आत्याबाई, मला आज संतीचंच वाईट वाटत होतं."

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, तिचं तरी काय चुकलं? पाणी तर आणायलाच पाहिजे. अन् गोरोबाचं तरी काय? चिखल तुडवायचा म्हणजे ध्यान देऊनच तुडवावा लागतो, खडा राहिला तर मडकं फुटतं. घरात तिसरं माणूस नव्हतं बघ. तेवढंच."

मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. तल्लीनतेवर आजवर जे काही कानावर पडलं त्यात तल्लीन होणाऱ्याचीच चर्चा होती. तो किती बुडतो, कसा बुडतो, मन कसं आवरतो. तो बुडालेला असताना लेकरू कोण बघतं हे कुणी विचारत नव्हतं. कचेरीत ते विचारायची गरज पडत नाही, कारण तिथं लेकरू नसतं. घरात असतं. घरात एक माणूस पूर्ण ध्यान देऊन काम करणार असेल तर तेवढा वेळ बाकीच्या सगळ्याचं ध्यान दुसऱ्या कुणीतरी उचलायला लागतं. ही एकट्यानं मनाशी ठरवायची गोष्टच नाही. ती घरानं मिळून करायची गोष्ट आहे.

त्यानंतर मी आत्याबाईंकडं मागणं केलं. एरवी आपण बायका मागत नाही, आपल्या आपण निभावतो, आणि निभत नाही तेव्हा चिडतो. मी म्हटलं, "आत्याबाई, आठवड्यातून तीन दिवस सकाळी नऊ ते बारा बाहेरचं दार तुम्ही सांभाळाल का? मी कुणाशी बोलणार नाही. घरात काहीही झालं तरी आधी तुम्ही बघायचं, अगदीच लागलं तर मला हाक मारायची."

त्यांनी विचारलं, "अन् पाव्हणं आलं तर?"

"तर तुम्ही सांगा, ती मसाल्याला बसलीय."

त्यांना ते लगेच पटलं, आणि का पटलं ते मला नंतर कळलं. त्या शेतकरी घरात वाढल्या. पेरणीच्या दिवशी तिफणीवरच्या माणसाला कुणी हाक मारत नाही, पाहुणा आला तरी बांधावर बसून राहतो, भाकरी तिथंच नेऊन देतात. पेरणीचा मान असतो. मसाला भाजण्याला तसा मान नव्हता, तो कुणीतरी द्यायला पाहिजे होता, आणि तो मी स्वतः देऊन चालणार नव्हतं. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं दारात उभं राहून "आज तिचा मसाल्याचा दिवस आहे" म्हटल्यावर तो मान मिळाला. आता आदल्या रात्री जेवतानाच सांगून ठेवलं जातं, उद्या मसाला आहे. मग नवरा त्याच्या मोज्यांपासून चावीपर्यंत सगळं स्वतः शोधतो. लेक शाळेचं काय लागतं ते रात्रीच विचारून घेते.

पाण्याचं वेगळं सांगावं लागेल, कारण लातूरला राहून पाण्याशिवाय कामाचा विचार करताच येत नाही. २०१६ चा उन्हाळा आठवतो. मांजरा धरण आटलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. देशभर त्याची बातमी झाली. माझ्या धंद्याची तेव्हा नुकती सुरुवात होती आणि एप्रिल म्हणजे मसाल्याचा भर. त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या एकाही बाईचं चित्त कामात नव्हतं. कान टँकरच्या हॉर्नकडं लागलेले असायचे. शिवणकाम करणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, लेकरांना घरी शिकवणाऱ्या, सगळ्यांची तीच गत. टँकर कधी येईल ते ठाऊक नसायचं, म्हणून कुठलंच काम हातात घेता येत नव्हतं. पाणी अमुक वाजता येणार असं नक्की कळलं असतं तर तेवढा वेळ सोडून बाकीचा दिवस कामाला मिळाला असता. त्या दोन-तीन महिन्यांत मला समजलं की अडथळ्यापेक्षा अडथळ्याची वाट बघण्यात जास्त मन खर्च होतं. नळाला आजही लातूरमध्ये रोज पाणी येत नाही. म्हणून पाण्याच्या दिवशी मसाला ठेवायचाच नाही असं आमच्या घरात ठरलंय. पाळी पुढं-मागं झाली तर मसाला पुढं-मागं होतो. पाणी भरायचं काम आता नवऱ्याकडं आहे, आणि ते त्याच्याकडं आल्यापासून टाकीवर बॉलकॉक बसला, मोटारीला टायमर लागला. संतीच्या वेळी हे कुणाला सुचलं असतं तर, असं मला वाटून जातं.

फोनचं थोडक्यात सांगते. सगळ्या ऑर्डरी फोनवर येतात, त्यामुळं तो बंद ठेवा म्हणणं म्हणजे धंदा बंद ठेवा म्हणणं. मी दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी सातला, पार्सलं गेल्यावर, अशा दोन वेळी उत्तरं देते, आणि तसं गिऱ्हाइकांना पहिल्याच निरोपात कळवते. कुणी रागावून निघून गेलं नाही. लगेच उत्तर नाही मिळालं तरी सांगितलेल्या वेळी मिळालं की लोकांना चालतं. पाकिटावर घराचा पत्ता छापावा लागतो, म्हणून काही जण थेट दारात येतात. त्यांना आत्याबाई बसवतात, पाणी देतात, आणि माल असेल तर तोही देतात. भाव त्यांना पाठ आहेत.

कामं वेगळी करण्यानं मला फार हलकं वाटलं. सगळ्या कामांना सारखं ध्यान लागत नाही. भाजायला पूर्ण लागतं. वजन करून पाकिटं भरायला त्याहून कमी, पण आकडा चुकता कामा नये. लेबलं चिकटवायला, बरण्या पुसायला, खोबऱ्याच्या वाट्या किसायला ध्यान फार लागत नाही. ती कामं मी दवाखान्याला आलेल्या पाहुण्याशी बोलत करते, लेकीचे पाढे ऐकत करते. पूर्वी मी याच्या उलट करायचे, तशीच सवय असलेल्या घरात वाढले; शांत वेळ मिळाली की आधी पसारा आवरायचा, आणि मुख्य काम गडबडीत. आपल्याकडं चांगली सून तीच जिचा ओटा लखलखीत असतो, त्यामुळं शांत वेळ ओट्याला जाते. मसाल्याच्या दिवशी आमचा ओटा बारापर्यंत तसाच राहतो. आत्याबाई त्याकडं बघत नाहीत, आणि हे त्यांनी माझ्यासाठी केलेलं फार मोठं काम आहे.

मध्येच उठावं लागतंच कधी कधी. लेकरू पडतं, कुणाला घेरी येते. २००९ मध्ये सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंनी दाखवलं होतं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याला हात घातला की मनाचा एक भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. पुढं त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली: उठण्याआधी आपण कुठं आहोत आणि परत आल्यावर काय करायचं हे दोन ओळींत लिहून ठेवलं तर मन मोकळं होतं आणि दुसऱ्या कामात नीट लागतं. मला हे एका शिबिरात कळलं आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड एक पाटी टांगली. उठायचं झालं की गॅस बंद करायचा आणि खडूनं लिहायचं: "खोबरं झालं. तीळ घ्यायचे. मिरची निवडलेली नाही." एवढं लिहिलं की मी पडलेल्या लेकराजवळ खरोखर लेकराजवळ असते. कढई डोक्यात फिरत नाही. घरात काम करणाऱ्या बाईला दोन्हीकडं पूर्ण असता येणं किती दुर्मीळ आहे, हे जिनं अर्धं अर्धं राहून वर्षं काढली तिलाच कळेल.

त्या पाटीचा आणखी एक उपयोग झाला. आत्याबाई शिकल्या नाहीत, पण लेक वाचते आणि त्यांना सांगते, आणि मग त्या पुढचं काम हातात घेतात. मिरच्यांचे देठ काढून ठेवलेले असतात. धन्यातला कचरा निवडलेला असतो. गोरोबांची आणखी एक गोष्ट आहे ना, संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटण्यानं एकेकाच्या डोक्यावर थोपटून कोण पक्कं मडकं आणि कोण कच्चं ते सांगितल्याची. कीर्तनात ती नामदेवांच्या अहंकाराची गोष्ट म्हणून येते. मला त्यात कुंभाराचा कान दिसतो. आयुष्यभर मडकी थापटून तयार झालेला कान. तसा कान आत्याबाईंना आहे. बाहेरच्या खोलीत शेंगा फोडत बसलेल्या असतात आणि तिथून म्हणतात, "तीळ झाले बघ." मी उतरवते, आणि झालेले असतात. आवाज थांबलेला मला ऐकू येण्याआधी त्यांना येतो. येसराला ज्वारी, गहू, डाळी भाजताना वासावरून त्या सांगतात की आता बास. वेगळ्या खोलीत दार लावून बसले असते तर हे मला मिळालं नसतं. घराच्या हाका कामात येतात, तसं घराचं शहाणपणही येतं, आणि दोन्ही एकाच दारानं येतात.

मागच्या दिवाळीपासून नवरा म्हणतोय की औसा रोडला एक गाळा भाड्यानं घेऊ, धंदा वाढेल. वाढेल हे खरं आहे. पण गाळ्यात मी एकटी असेन, आणि आत्याबाई घरात एकट्या. सध्या आम्ही मिरचीपुरते गच्चीवर पत्रे टाकून घेतलेत, वर मोठी शेगडी मांडलीय, आणि धूर-ठसका घरात येत नाही. मिरची भाजताना वर कुणी चढत नाही, हा गच्चीचा सगळ्यात मोठा फायदा. वेळअमावस्येला सगळे शेतात जेवायला गेले होते तेव्हा एका मोठ्या ऑर्डरीसाठी मी मागं राहायचं म्हणत होते. आत्याबाईंनी राहू दिलं नाही. म्हणाल्या, "मसाल्याच्या दिवशी तुला कुणी हाक मारत नाही ना? मग आज मसाल्यानं तुला हाक मारायची नाही." भज्जी आणि आंबील सगळ्यांसोबत बसून खाल्ली, आणि ऑर्डर दोन दिवसांनी गेली.

माझी एक भाची निलंग्याकडच्या एका गावात दिलेली आहे. ब्लाउज शिवते. हात फार चांगला आहे, पण माप घेतलं की कापायला चार दिवस लागतात, कारण कापायला बसलं की उठावं लागतं. फोन करून म्हणाली, "मामी, मन एका जागी राहावं म्हणून एखादं ॲप असलं तर सांगा ना." मी तिला म्हटलं, बाई, आधी तुझ्या घरात सकाळची भाकरी झाल्यावर दार कोण उघडतं ते सांग. ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, मीच. मी तिला सासऱ्यांशी बोलायला सांगितलं, कारण तिच्या घरात सासूबाई नाहीत आणि सासरे ओसरीवरच बसलेले असतात. तिला फार संकोच वाटत होता. सासऱ्याला असं कसं सांगायचं? मी म्हटलं, कामाचं सांगायचं, जसं ते रानातल्या कामाचं सांगतात तसं.

पंधरवड्यानं तिचा फोन आला. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कापायला किती वेळ लागतो?" ती म्हणाली, दोन तास सलग मिळाले तर चार ब्लाउज कापून होतील. त्यांनी अकरा ते एक दिला. सुगीत मात्र जमणार नाही, तेव्हा मलाही रानात जावं लागतं, असंही सांगितलं. तिनं मान्य केलं. शिलाई मशीन आता ओसरीवरून माळवदाच्या आतल्या खोलीत गेलंय, आणि गिऱ्हाइकांची मापं लिहून घ्यायचं काम सासऱ्यांनी आपणहून उचललंय. अक्षर चांगलं आहे म्हणाली त्यांचं.